तंदुरुस्तीचा दाखला

मीटरकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, मीटर असे. सही करायची वेळ आली की ते समोरच्याकडे पेन मागत, पण कुणाच्या घरी गेल्यावर दिवा जरा पिवळट वाटला की खिशातून मीटर लगेच बाहेर यायचा. एका सभेत ध्वनिक्षेपक खरखरू लागला, तेव्हा वक्त्याला बाजूला सारून त्यांनी आधी प्लगमधले व्होल्ट मोजले होते. भाषण तिथेच आटोपलं. लोकांनी काकांचे मनापासून आभार मानले, पण ते ध्वनिक्षेपकासाठी नव्हते.

नोकरीची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून काका निवृत्त झाले आणि जुने घरगुती संगणक दुरुस्त करू लागले. घरगुती म्हणजे टीव्हीला जोडायचे ते, कीबोर्ड आणि संगणक मिळून एकच जाडजूड पाटी असते तसले. लहानपणी हट्ट करून घेतलेली ही मशीन्स लोकांनी माळ्यावर टाकली होती. आता केस पांढरे झाल्यावर त्याच लोकांना त्या मशीन्सचा उमाळा आला होता. काकांच्या मागच्या खोलीत टेबलावर जुनी चादर, चादरीवर सोल्डरिंगची बंदूक, समोर पाठीला पोक आलेले दोन टीव्ही आणि भिंतीच्या फळीवर नंबर लागलेली मशीन्स असत. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे.

काकांचा पहिला नियम असा होता, की गिऱ्हाईक खोटं बोलतं. मुद्दाम बोलतं असं नाही, पण बोलतं. त्यासाठी त्यांनी रजिस्टरमध्ये तीन रकाने आखले होते: तक्रार, गिऱ्हाईकाचं म्हणणं आणि खरं काय ते. मधल्या रकान्यात पानामागून पान एकच वाक्य होतं, 'घरी चालत होतं.' हे वाक्य लिहिताना काका मिशीतल्या मिशीत हसत. सगळ्यांची मशीन्स घरी चालतात, मग माझ्याकडे काय चालण्याची सवय मोडायला आणता का, असं ते विचारत. गिऱ्हाईक ओशाळून हसे आणि काकांचा दिवस चांगला जाई.

दुसरा नियम वीजपुरवठ्याचा. मशीनबरोबर गिऱ्हाईकाने आणलेला अडॅप्टर काका दारातच परत देत. कुणाच्या घरच्या अडॅप्टरचा काय भरवसा? मशीन तपासायचं ते काकांच्या लोखंडी पेटीवर. जेवणाच्या डब्याएवढी ही पेटी त्यांनी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधली होती. रोज सकाळी आंघोळ झाली की ते तिचं बटण दाबत, मीटरच्या दोन्ही तारा टेकवत आणि आकडा मोठ्याने वाचत. पाच व्होल्ट. ना कमी ना जास्त. मग बटण बंद करून चहाला जात. बायको म्हणायची, माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत. काका म्हणायचे, तू कधी पाचावर राहिलीस?

तिसरा नियम तीन वर्षांपूर्वी आला. त्याआधी काका मशीन पाच-दहा मिनिटं लावून पाहत आणि काय असेल ते दुरुस्त करून देत. पण हा पोरखेळ आहे असं एक दिवस त्यांच्या मनाने घेतलं. खरा रोग लपून बसतो, तो बाहेर काढायला मशीनला घाम फोडला पाहिजे. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक मशीनला लोखंडी पेटीवर चार तासांची चाचणी सुरू झाली.

आणि खरोखरच रोग बाहेर येऊ लागला. पहिलं मशीन आलं त्याचं फक्त लांब बटण अडकत होतं. काकांनी बटण दहा मिनिटांत साफ केलं, मग नियम म्हणून मशीन चाचणीला लावलं. दुसऱ्या तासाला टीव्ही काळा पडला. उघडून पाहिलं तर टीव्हीवर चित्र पाठवणारी चिप मेलेली. काकांना कोण आनंद झाला. मालकाला फोन करून ते म्हणाले, बटण हे नुसतं लक्षण होतं, रोग आत आहे. दुसऱ्या मशीनची टीव्हीची पिन सैल होती, त्याचीही चित्राची चिप गेलेली निघाली. तिसऱ्याला तर काहीच झालेलं नव्हतं, मालकाला नुसती धूळ झटकून हवी होती. त्याचीही तीच चिप. तीन वर्षांत त्रेचाळीस मशीन्स आली आणि त्यांतल्या एकतीस मशीन्सना हा रोग निघाला. उरलेली बारा कशी वाचली हे काकांना कोडं होतं. आपल्या गावात चित्राच्या चिपेची साथ आली आहे, एवढं मात्र त्यांनी सिद्ध केलं होतं. साथ येते तेव्हा ती ओळखणारा मोठा होतो. काकाही झाले.

गावात जुने संगणक मंडळ होतं. ते दर दुसऱ्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, यांच्या दवाखान्यातल्या बाकांवर भरे. सभासद आपापली मशीन्स मांडीवर घेऊन बसत. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं कसं करावं, मूळ खोक्याला घडी पडली असेल तर इस्त्री फिरवावी का, यावर तिथे तासन् तास खल चाले. मशीन चालू कुणीच करत नसे. चालू करून पुढे काय करायचं हे कुणाला आठवत नव्हतं.

या मंडळात काकांच्या शोधाने नवा जीव आला. डॉक्टर म्हणाले, हे अगदी किडीसारखं आहे, वरून शुभ्र आणि आतून पोकळ. चिटणीस विम्याचे एजंट होते, त्यांना संकटाची बातमी कधीच वाईट वाटत नसे. त्यांनी दुरुस्त झालेल्या मशीन्ससाठी 'उपचारित' असं छापलेली हिरवी गोल चिकटपट्टी काढली. ज्यांच्या मशीनवर ती होती ते जरा ताठ बसू लागले, नव्हती ते कोपऱ्यात गेले. एका सभासदाने आपलं मशीन दोनदा चाचणीला आणलं. दुसऱ्या खेपेस ते मेलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

मग ठरलं प्रदर्शन. वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी. उद्घाटनाला काकांच्या 'चित्रचिपेची साथ : लक्षणे आणि उपचार' या चाळीस पानी पुस्तिकेचं प्रकाशन. चिटणिसांनी फतवा काढला, की काकांच्या सहीचा तंदुरुस्तीचा दाखला असल्याशिवाय एकही मशीन हॉलमध्ये येणार नाही. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्रदर्शनात निदान एक मशीन चालू असायला हवं, लोकांनी हात लावून पाहायला. आणि गावात रोज चालणारं मशीन एकच होतं, टायपिंगच्या बाईंचं.

गावातल्या निम्म्या कारकुनांची बोटं बाईंनी वळवली होती. क्लास बंद पडायच्या सुमारास त्यांनी एक संगणक घेतला, आपल्या पोटावर कोण उठलंय ते पाहून घ्यावं म्हणून. क्लास गेला, संगणक राहिला. त्याच्या खाचेत बुद्धिबळाचं कार्ट्रिज, म्हणजे खेळ भरलेली डबी, बसवून बाई रोज सकाळी दहा वाजता त्याच्याशी एक डाव खेळत. बहुतेक वेळा जिंकत. मंडळाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पिवळं प्लॅस्टिक त्यांना पिवळंच आवडायचं. मंडळाच्या हिशेबी त्या संग्राहक नव्हत्याच, त्या नुसत्या वापरत होत्या.

गुरुवारी अकराच्या सुमाराला बाई कापडी पिशवीत मशीन घालून काकांकडे आल्या. चिटणिसांनी फार गळ घातली म्हणून, एरवी त्या मशीन घराबाहेर काढत्या ना. काका चिठ्ठी बांधत होते तेवढ्या वेळात त्यांनी आपलं सांगून घेतलं. त्या शहात्तर वर्षांच्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. दुसऱ्या गावी राहणारी त्यांची मुलगी रोज फोन करते आणि हल्ली रोज म्हणते, आई, तू विसरतेस, आता माझ्याकडे ये. बाईंना आपलं घर सोडायचं नव्हतं. शेवटी दोघींमध्ये करार झाला होता. ज्या दिवशी काल काय केलं आणि आज काय केलं हे आपल्याला सांगता येणार नाही, त्या दिवशी आपण स्वतः फोन करू आणि सामान बांधू. तोवर मुलीने विषय काढायचा नाही.

"आजचाच डाव घ्या," बाई म्हणाल्या. "दहाला बसले, साडेदहाला घोड्याने मात केली. हे मला आठवतं तोवर मी माझ्या घरात."

काका हं हं करत होते. मधल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घरी चालत होतं,' आणि मिशीतल्या मिशीत हसले.

पावणेतीनला टीव्ही काळा पडला. काकांनी मशीन उघडलं, चिपेवर बोट ठेवलं आणि चटका बसून काढलं. बत्तिसावं. पुस्तिका छापून झाली होती, नाहीतर आकडा बदलता आला असता, एवढीच त्यांना हळहळ वाटली. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि साथीची सगळी हकिगत सवयीच्या सुरात सांगितली.

बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पण सकाळी मी खेळले."

"सगळे असंच म्हणतात, बाई. ही चिप आजची गेलेली नाही, रोग जुना आहे. तुम्ही शेवटचं कधी लावलं होतं, नीट आठवा. आठवडा झाला असेल, महिना झाला असेल. या वयात कालचं आजचं वाटतं."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"वाटायचा प्रश्न नाही. चिपच सांगतेय."

हे वाक्य काकांनी आजवर एकतीस जणांना ऐकवलं होतं आणि एकतीसही जण मान डोलावून गेले होते. बाईंनी मान डोलावली नाही. त्या खुर्चीवर बसल्या, डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं, मध्येच थांबल्या, पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं. मग उठून गेल्या. कापडी पिशवी टेबलावरच राहिली. काकांनी ती बायकोला दाखवली आणि म्हणाले, बघ, काय सांगत होतो मी.

काकांची बायको रक्त तपासायच्या लॅबमधून निवृत्त झालेली. टायपिंग बाईंकडेच शिकलेली, आणि पंचवीस वर्षं लोकांच्या शरीरातली साखर मोजलेली. तिने पिशवीकडे पाहिलं नाही, लोखंडी पेटीकडे पाहिलं. लॅबमध्ये आम्ही रोज सकाळी पहिलं काम काय करायचो ठाऊक आहे का, असं तिने विचारलं. आधी मशीन तापू द्यायचो, मग माहीत असलेल्या नमुन्याची साखर मोजायची. ती बरोबर आली तरच माणसांना हात लावायचा. सगळ्या गावाला एकाच दिवशी मधुमेह निघाला, तर आम्ही गावाला गोळ्या नाही दिल्या कधी, आधी आमचं मशीन तपासलं.

काका म्हणाले, मीही रोज सकाळी तपासतो. पाच व्होल्ट.

"थंड असताना," बायको म्हणाली. "तापल्यावर कधी मोजलंत का, अहो?"

काकांना राग आला. वीस वर्षांत त्यांच्या पेटीकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. केवळ हिचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी पेटीला गाडीच्या हेडलाइटचा जुना बल्ब जोडला, मीटरच्या तारा लावल्या आणि दोघं समोर बसली. बल्ब मिणमिणत होता. पाच. अर्ध्या तासाने पाच. पाऊण तासाने पाच. काकांनी विजयी मुद्रेने चहा मागितला. बायको जागची हलली नाही. सव्वा तास झाला, पेटीच्या पत्र्यावर हात ठेववेना, आणि एकाएकी बल्ब लख्ख पेटला. मीटरवर नऊ होते. थोड्या वेळाने पुन्हा पाच झाले आणि पुन्हा नऊ.

पेटी उघडून काकांनी भिंग लावलं. व्होल्ट पाचावर धरून ठेवणाऱ्या भागाच्या मधल्या पायाशी सोल्डरला केसाएवढी गोल भेग होती. गार असताना मिटायची, तापलं की उघडायची. कच्चं सोल्डर, म्हणजे धड न बसलेला डाग. दुसऱ्याने केलेलं कच्चं सोल्डर काका खोलीच्या दारातून ओळखत आणि त्यावर पाऊण तास बोलत. पाच-दहा मिनिटांच्या जुन्या तपासणीत ही पेटी कधी तापलीच नव्हती. ती तापायला लागली ती चार तासांच्या चाचणीपासून, म्हणजे बरोब्बर साथ आली तेव्हापासून.

त्यांनी रजिस्टर उघडलं. वाचलेल्या बारा मशीन्सचं कोडं आता सुटलं. कुणाच्या चाचणीच्या वेळी वीज गेली होती, कुणाच्या वेळी काकांना बाहेर जायचं होतं म्हणून तासाभरात आवरलं होतं. रोग झालेली बत्तीसही मशीन्स घरी चालत होती. मधल्या रकान्यात बत्तीस खरी माणसं आणि तिसऱ्या रकान्यात बत्तीसदा काका. दुरुस्तीनंतर नव्या चिपेला उगाच त्रास नको म्हणून ते मशीन दहाच मिनिटं चालवून देत असत, म्हणून तर सगळे रोगी खडखडीत बरे होत होते. काकांना दरदरून घाम फुटला.

आता खरं तर त्यांनी चपला घालून बाईंकडे जायला हवं होतं. दहा मिनिटांची वाट. पण काकांनी स्वतःला समजावलं, की आधी मशीन नीट करू, रिकाम्या हाताने कसं जायचं. शुक्रवारी नवी चिप बसवून मशीन नीट झालं. मग त्यांनी समजावलं, की हा काही एकट्या बाईंचा प्रश्न नाही, मंडळासमोर जाहीरच सांगितलं पाहिजे. माणसाला शंभर जणांसमोर चूक कबूल करणं सोपं जातं, कारण त्यात थोडं भाषण असतं. एका दारात एका माणसासमोर उभं राहून म्हणायचं तर नुसती चूकच उरते. काकांना हे कळत होतं आणि तरी ते रविवारची वाट पाहत बसले.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. हिरव्या चिकटपट्ट्या ओळीने चमकत होत्या. काका बाईंचं मशीन एका काखेत आणि लोखंडी पेटी दुसऱ्या काखेत घेऊन व्यासपीठावर चढले आणि त्यांनी सगळं सांगितलं. भेग, नऊ व्होल्ट, चार तास. साथ नव्हती. तुमची मशीन्स धडधाकट होती, ती मी मारली आणि मीच बरी केली. लोक चिडतील, काही जण अंगावर येतील, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

टाळ्या पडल्या. डॉक्टर उठून म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात, श्रेय नको म्हणतात. चिटणीस कानाशी येऊन म्हणाले, पुस्तिका छापून झालीय, दुसऱ्या आवृत्तीत हवं तर तळटीप टाकू. खालून उपचारित मशीनवाल्या एका सभासदाने जरा दुखावलेल्या आवाजात विचारलं, म्हणजे आमच्या मशीनला काही झालंच नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला? त्याच्या शेजारचे त्याला म्हणाले, मनावर घेऊ नको, काका थकलेत. दोनदा चाचणी केलेला सभासद तर उठूनच गेला. एवढ्या कष्टाने मिळवलेला रोग कुणी काढून घेत असेल तर माणूस बसणार कसा?

काकांनी पक्कड मागितली आणि सगळ्यांच्या देखत पेटीची वायर प्लगपासून कापून टाकली, निदान पुन्हा कुणी ती लावू नये म्हणून. लोकांना वाटलं, उद्घाटनाची फीत राहिली होती ती ही. पुन्हा टाळ्या पडल्या. फोटोवाला म्हणाला, काका, पक्कड जरा वर धरा, पुन्हा एकदा. पेटी काचेच्या कपाटात गेली आणि तिच्यापुढे पाटी लागली: याच पेटीने साथ उघडकीस आणली.

बाईंचं टेबल रिकामं होतं. काकांनी चिटणिसांना विचारलं, बाई अजून कशा आल्या नाहीत? चिटणीस म्हणाले, त्या नाही येत. मुलगी आलीय न्यायला, आज दुपारचीच गाडी आहे. बाईंनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं म्हणे.

काका मशीन काखेत मारून निघाले ते जवळजवळ पळतच. दोन मजले चढताना त्यांना मध्ये थांबावं लागलं. दार उघडंच होतं. दाराशी दोन बॅगा बांधलेल्या, आणि आत बाई पाहुण्यासारख्या खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. घरभर चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. गॅसच्या बटणावर 'बंद केला का', दारावर 'किल्ली', डब्यांवर साखर, मीठ, कपाटावर 'आज वार कोणता ते आधी बघ'. सगळ्या टाइप केलेल्या, समास सोडून, एकही चूक नाही.

काकांनी दारातच सांगून टाकलं. या वेळी भाषण झालं नाही, चार वाक्यांत संपलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. ती भली बाई होती आणि दमलेली होती. आईला बरं वाटावं म्हणून तुम्ही दोन मजले चढून आलात, आभारी आहे, असं ती म्हणाली. मग काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "पण काका, या चिठ्ठ्या बघा ना. हे काय धड असलेल्या माणसाचं घर आहे?"

काकांनी चिठ्ठ्या पाहिल्या. आज दुसऱ्यांदा ते खरं सांगत होते आणि आज दुसऱ्यांदा समोरचा माणूस त्यांची समजूत काढणार होता. त्यांनी विचारलं, या चिठ्ठ्या कधीपासून आहेत? मुलीला ठाऊक नव्हतं. बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, गुरुवार संध्याकाळपासून. तुमच्याकडून आल्यावर बसून टाइप केल्या.

"बुधवारी एक तरी होती?"

"बुधवारी कशाला असेल?" बाई म्हणाल्या.

मुलीने गॅसवरची चिठ्ठी काढून हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग आईसमोर खाली बसून तिने विचारलं, "आई, खरं सांग. गुरुवारी सकाळी तू खेळली होतीस का?"

तीन दिवसांपूर्वी बाईंनी हेच कुणीही न विचारता सांगितलं असतं, घोड्याच्या घरासकट. त्यांनी काकांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आता नाही मला सांगता येत. खेळले असं वाटतं. पण हे म्हणाले, तसं सगळ्यांनाच वाटतं."

एक गोष्ट काकांनी बायकोलाही सांगितली नव्हती आणि शंभर जणांसमोरच्या भाषणातही नव्हती.

"त्या खेळल्या होत्या," ते मुलीला म्हणाले. "मी पिशवीतून मशीन काढलं तेव्हा त्याचा खालचा भाग कोमट होता. माझ्या हाताला लागला. आदल्या दिवशी चालवलेलं मशीन कोमट राहत नाही. आदल्या आठवड्यातलं तर नाहीच नाही."

बाई उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. गुरुवारपासून पहिल्यांदाच कुणीतरी काकांवर खरोखर रागावलं होतं.

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

"तसं सांगितलं असतं तर माझं म्हणणं खोटं ठरलं असतं," काका म्हणाले.

"मशीन मेलं तर मेलं. दुसरी चिप बसते," बाई म्हणाल्या. "मी तीन रात्री बसून माझी चाळीस वर्षं तपासत होते, यातलं घडलं किती आणि नुसतं वाटलं किती. ते कुठून भरून देणार तुम्ही?"

काका मान खाली घालून उभे राहिले. खिशातला मीटर त्यांना एकदम जड वाटला.

बाईंनी कपाटावरची चिठ्ठी ओढून काढली, मग दारावरची. डब्यांपर्यंत गेल्या आणि तिथे त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी पहिला डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं आणि मग चिठ्ठी काढली. दुसरा डबा त्यांनी न उघडताच मोकळा केला. मग वळून त्या मुलीला म्हणाल्या, बॅगा आत घे आणि गाडीचं माझं तिकीट रद्द होतंय का ते बघ, एक तुझं ठेव.